मडिवाळप्पा सरांचं ऊन

"ऐका हो ऐकाऽऽ! उद्या दिवेलागनीला गावात लाईट येनार हाय होऽ! खांबाला जनावर बांधू न्हाई, तारंवर धोतर टाकू न्हाई, अन् इजेच्या कुठल्याबी वस्तूवर काय म्हंता काय वाळू घालू न्हाई होऽऽ!"

हलगी वाजवत कोतवाल गल्लीतून गेला तेव्हा मडिवाळप्पा नऊ वर्षांचे होते. लातूरच्या मुरुडजवळचं ते खेडं सुटलं, हलगी थांबली, कोतवालही गेला. पण तो आवाज मडिवाळप्पांच्या कानात घर करून राहिला. आयुष्यात त्यांनी विजेच्या वस्तूवर ओला रुमालसुद्धा टाकला नाही. फ्रिजवर पेपर ठेवला तरी ते तिरके बघत. म्हणून पुढं जे घडलं ते दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं, तर एवढं लागलं नसतं.

मडिवाळप्पा सर लातूरच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वय अडुसष्ट. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, मडिवाळप्पा मतांना लागले. सकाळी नऊ वाजता ते घरातून निघत आणि गल्लीच्या तोंडाशी बसवंतच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसत. तिथं कच्च्या तेलाचे भाव, आखाती समुद्रातली जहाजं, बॅटरीवरच्या स्कूटरी, नवे मीटर, जुने मंत्री, मोबाइलचे टॉवर आणि चिमण्यांचं प्रमाण या सगळ्यांवर त्यांची मतं होती. गिरणी चालू असताना ती कुणाला ऐकू येत नसत. लाईट गेली की गिरणी बंद व्हायची आणि मतं एकदम उघडी पडायची. त्यामुळे भारनियमनाबद्दल गल्लीत जेवढी नाराजी होती, त्यातली निम्मी मडिवाळप्पांमुळे होती.

एक वाजता ते घरी येत, जेवत, चारपर्यंत झोपत. जेवताना उरलेली मतं नागम्माला सांगत. नागम्मा भाकरी थापता थापता म्हणायची, "हं."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात या "हं"चा अर्थ होकार असतो, अशी सरांची समजूत होती. भूगोलाच्या माणसाने भूगर्भाबद्दल इतकं बेसावध राहू नये.

फेब्रुवारीत एका सकाळी लाईट गेली तेव्हा सर सूर्यावर बोलत होते.

"बसवंत, आपल्या डोक्यावर फुकट विहीर टांगलेली आहे. आपण बादलीच टाकत नाही. प्रत्येक छतावर पॅनेल बसलं तर आखातातल्या जहाजाला लातूरकडे तोंड करून बसावं लागेल!"

बसवंतने पिठाचे हात झटकले. "आप्पा, तुमी सात वर्सं झाली पॅनेल-पॅनेल करायलाव. तुमच्या गच्चीवर हाय काय? कबुतराचं पीस."

ओट्यावर हशा झाला. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या लाल झाल्या की मतांचं रूपांतर कृतीत व्हायचं, आणि हे गल्लीला परवडणारं नसायचं.

"एप्रिलमध्ये माझी गच्ची तीनशे साठ युनिट देईल," सर उभं राहून म्हणाले. "रोज बारा. एक कमी पडलं, तर मी वर्षभर मत देणार नाही."

"हितं ओट्यावर?"

इथं सरांच्या स्वाभिमानाने घात केला. "ओट्यावर, घरात, दारात, फोनवर, ग्रुपवर, लग्नकार्यात आणि एसटीत. फक्त 'हो', 'नाही' आणि 'हं' एवढे तीन शब्द मी स्वतःकडे राखून ठेवतो."

"अन् तुमी जिकलाव, तर माज्या गिरणीवर पॅनेल. वर पाटी, 'मडिवाळप्पा सरांच्या सल्ल्याने.'"

ही पाटी सरांना त्याच रात्री स्वप्नात दिसली. निळ्या रंगात होती.

नागम्माला त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. पैजेचं नाही, पॅनेलचं.

तिचा हात परातीत थांबला. "गच्चीवर?"

"मग काय देवघरात?"

"सगळ्या गच्चीवर?"

"गच्चीवर आपलं आहे काय तसं? ऊनच तर आहे."

नागम्मा थोडा वेळ पिठाकडं बघत राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, हे तिच्या बांगड्यांना कळलं. त्या वाजता वाजता राहिल्या. मग भाकरी परातीत फिरू लागली. "हं."

अर्ज भरताना पहिला खड्डा आला. वीज कार्यालयात सुदर्शन नावाचा शांत स्वभावाचा कर्मचारी बसायचा. त्याने संगणकात बघून सांगितलं, "सर, तुमच्या मीटरला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जाईल. तो सांगा."

तो मोबाइल नंबर सरांनी आठ वर्षांपूर्वी सोडला होता. त्या कंपनीच्या धोरणाविषयी त्यांचं एक मत झालं होतं.

"मग नंबर बदलून घ्या," सर म्हणाले.

"घेऊ की. बदलायचा ओटीपी जुन्याच नंबरवर जातो."

सरांनी जुना नंबर लावला. पलीकडून भांड्यांचा खणखणाट आणि एक सावध आवाज आला. "हां, कोन बोलून राहिलं?"

तो नंबर आता किनवटच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाक्याकडं होता. नाव किशनराव. सरांनी अक्षांश-रेखांशापासून सगळी परिस्थिती समजावली. किशनराव शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "गुरुजी, मी काही तो नंबर देनार नाही. ग्रुपवर मेसेज आला होता ना, कोनी कितीबी गोड बोललं तरी ओटीपी सांगू नका म्हनून. खाली कोन्या मास्तराचं नाव होतं, मडिवाळप्पा का काय."

सरांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडं बघितलं. आपलं मत तीन तालुके ओलांडून किनवटच्या जंगलापर्यंत पोचलंय, याचा अभिमान वाटावा की गळा काढावा, हे त्यांना ठरवता येईना.

"तो मडिवाळप्पा मीच!"

"असंच म्हनते समदे," किशनराव म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. "असं करा. पुनवेला मी माहूरला देवीला येऊन राहिलो. समोर या. तोंड बघतो, मग सांगतो."

आणि म्हणून अडुसष्ट वर्षांचा एक निवृत्त शिक्षक, सहा आकडे आणायला, लातूरहून नांदेडला आणि नांदेडहून माहूरला एसटीने गेला. देवीचं दर्शन होईल म्हणून नागम्माही सोबत निघाली. नांदेडला लेकीकडं, शिवानीकडं मुक्काम झाला. तिनं बापाच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं, पॅनेल बसली की रोजचे युनिट त्यात दिसणार होते. आईला ती हळूच म्हणाली, "आई, औंदा कुरडया?" नागम्माने लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

माहूरच्या पायऱ्यांवर किशनराव भेटला. त्याने सरांचं तोंड बघितलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "मास्तरच दिसून राहिले," तो म्हणाला. सरांनी सुदर्शनला फोन केला. सुदर्शनने ओटीपी सोडला. डोंगरावर रेंज नव्हती; मेसेज आला तेव्हा त्याची मुदत संपली होती. दुसरा आला तेव्हा किशनराव रांगेत पुढं सरकला होता आणि सर चाळीस पायऱ्या खाली अडकले होते. तिसऱ्यांदा फोन वाजला, तेव्हा किशनराव वरूनच ओरडला, "गुरुजी, आला! चाऽर!"

खाली ऐकू जाईना. मधल्या एका बाईंनी पुढं सांगितलं, "चार म्हनतेत!" त्यांच्या खालच्या माणसाला वाटलं हा काहीतरी नवसाचा प्रकार आहे, त्याने हात जोडून म्हटलं, "चाऽर!" मग सात आला, मग शून्य आला, आणि कुणालाही सांगायचा नसलेला तो आकडा दीडशे भाविकांच्या तोंडातून, जयजयकारासारखा, पायरी पायरी उतरत सरांपर्यंत पोचला. शेवटच्या नवाला तर मागच्यांनी टाळ्याही वाजवल्या.

दर्शन घेऊन नागम्मा खाली आली. तिनं ओटी भरली होती. डोळे जरा ओले दिसत होते.

"काय मागितलंस देवीला?" सरांनी विचारलं. आणि ती तोंड उघडते तोवर ते सुदर्शनला फोनवर विचारू लागले, "साहेब, लागला का? लागला?"

नागम्मा एसटीच्या खिडकीशी जाऊन बसली.

पॅनेल बसवायला हरिओम नावाचा तरुण कारागीर आला. तो म्हणाला, चांगलं माणसाच्या डोक्यावर उंच बसवू, खाली जागा मोकळी राहील. सर म्हणाले, उंच बसवलं तर वाऱ्याचा दाब वाढतो. सहा पॅनेल, तीन-तीनच्या दोन ओळी, पुढची बाजू कमरेएवढी. मग तिरकेपणावरून दोन तास गेले. हरिओम आपल्या सवयीने चढ देत होता. सर कागदावर आकृती काढून सांगत होते, लातूरचा अक्षांश साडेअठरा, तेव्हा कोन साडेअठराच. तेवढ्या कोनात सूर्याचं तेज काचेवर सरळ उतरतं.

"सर, मी शंभर घरं केली."

"मी तीन हजार पोरं पास केली."

शेवटी शाळेचा जुना लाकडी कोनमापक लावून साडेअठरा अंश मोजले गेले. काळ्या काचा तळ्यासारख्या चमकू लागल्या. खाली अंगणात नागम्मा वर बघत उभी होती. तिच्यामागं गल्लीतली गुणाबाई, सत्तरी ओलांडलेली शेतकऱ्याघरची बाई, आणि बसवंतची बायको सिंधु. गल्लीत ही एकच गच्ची अशी होती, जिच्यावर ना झाडाची सावली, ना टॉवरची. पंचवीस वर्षं चैत्रात सगळ्या घरांचे पापड, सांडगे, कुरडया याच गच्चीवर वाळत. हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. ते दरवर्षी खात होते.

एक एप्रिलला चौदा युनिट झाले. दोनला पंधरा. तीन, चार, पंधरा-पंधरा. सर ओट्यावर फोन फिरवत होते. त्यांनी पाटीचा रंगारी ठरवला.

पाच एप्रिलला सहा युनिट झाले.

"ढग असतील," बसवंत म्हणाला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

सहा तारखेला साडेपाच. सात तारखेला, सोमवारी, पुन्हा पंधरा. आठ तारखेला सहा. सरांची झोप उडाली, फक्त दुपारची टिकली. मत असं झालं की राजस्थानातून धूळ येत आहे. मग असं झालं की आखातातल्या धुराचा पट्टा मराठवाड्यावर आला आहे. मग, परदेशातून कुणीतरी ॲपमध्ये हात घालतंय. सोमवारीच उत्पादन का होतं, यावर त्यांनी ग्रुपवर दीड पानी लेख टाकला. त्यात जागतिक बाजार सोमवारी उघडतात, हा मुद्दा अधोरेखित होता. सोमवारी नागम्माचा उपवास असतो आणि ती सिद्धेश्वराला जाते, हा मुद्दा त्यात नव्हता.

गल्लीने सल्ले दिले. एकाने सांगितलं, लिंबू-मिरची बांधा. दुसऱ्याने सांगितलं, मीटरला उलटं जानवं घाला. लिंगायताच्या मीटरला जानवं कसं, यावर अर्धा दिवस गेला. सर रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला गुडघे धरत गच्चीवर जाऊन पाहणी करत. काचा लखलखीत. कुणीतरी पुसल्यासारख्या. फक्त एक गोष्ट विचित्र होती, काचेला नाक लावलं की जिऱ्याचा वास यायचा.

"पदार्थाचं विघटन होत असावं," सरांनी वहीत नोंदलं.

मधल्या वेळात वर जाऊन बघावं हे त्यांना सुचलं नाही असं नाही. पण साठीवरच्या माणसाने अकरा ते चार गच्चीवर जाऊ नये, असं मत त्यांनीच मार्चमध्ये जाहीर केलेलं. माणसाने निदान आपल्या मताला तरी जागावं.

शेवटी त्यांनी लेखी तक्रार केली. बावीस तारखेला, मंगळवारी, भर दुपारी बारा वाजता सुदर्शन यंत्रं घेऊन गिरणीवरच आला. साक्षीदार म्हणून बसवंत निघाला. तिघे जिना चढू लागले. आणि निम्म्या जिन्यात वरून गाणं ऐकू आलं.

सूर्या देवा रं दादा, माझ्या गच्चीवर बस,
धनी मोजीतो तुला, तू बी त्याला थोडं हस.

बायकांचं हसू फुटलं. मग एकटा आवाज, संथ, जरासा घोगरा, पाण्यात दगड सोडावा तसा:

काळ्या काचंचं गं शेत, त्याला नांगर ना पानी,
माझ्या मनातली गोष्ट, न्हाई इचारली कोनी.

आवाज ओळखीचा होता. पण सर त्या आवाजात एवढं मोठं वाक्य कधी ऐकायला थांबलेच नव्हते. म्हणून त्यांना तो कुणाचा हे लगेच कळेना. त्यांना फक्त एवढंच जाणवलं, की शेतीच्या दृष्टीने हे गाणं चूक आहे.

मग ते वर आले.

सहाही पॅनेलवर सहा पांढरीशुभ्र धोतरं अंथरली होती. निवृत्तीच्या सत्कारात सरांना मिळालेली, कपाटात घडी न मोडता ठेवलेली. आणि धोतरांवर, रांगेनं, जाईच्या फुलांसारख्या, चांदण्यांसारख्या, नुकत्याच सोऱ्यातून उतरलेल्या कुरडया. पॅनेलच्या सावलीत बायका बसल्या होत्या. सिंधु सोऱ्या फिरवत होती, नागम्मा शिजलेला चीक भरत होती.

कोतवालाची हलगी सरांच्या डोक्यात कडाडली. "इजेच्या वस्तूवर...!" ते एवढंच म्हणू शकले.

"सायेब, चप्पल काढा," गुणाबाई सुदर्शनला म्हणाली. "चीक हाय. अन् सर, एक बोलते, राग धरू नगा. तुमचा हा उतार लई बेस हाय. कुरडई घसरत बी न्हाई अन् ऊन सरळ पडतंय. दोन दिसाचं काम दुपारात होतंय."

"साडेअठरा अंश," सर यंत्रासारखे म्हणाले.

"आसंल, आसंल."

बसवंत सिंधुकडं बघत होता. "तू? हितं? मी पैज लावून बसलोय, अन् तू..."

"पापड ग्वाड लागला न्हवं परवा?" सिंधु म्हणाली. "मग गप बसा की."

सुदर्शनने पिशवीतून छापील फॉर्म काढला. 'सावलीचे कारण' या रकान्यात झाड, इमारत, टॉवर आणि इतर एवढे पर्याय होते. त्याने 'इतर'वर खूण केली, थोडा विचार केला आणि विचारलं, "संख्या काय लिहू, सर? कुरडया मोजायच्या, की धोतरं?"

"धोतरं लिहा," सर म्हणाले. कुरडया आठशेवर असाव्यात.

जाताना सुदर्शनला नागम्माने ओल्या कुरडईचा गोळा तेल घालून खायला दिला. तो शांत माणूस आणखी शांत झाला.

हिशेब सोपा होता. उरलेल्या आठ दिवसांत सूर्याने दीडपट काम केलं असतं तरच पैज वाचली असती. बायकांनी त्याच संध्याकाळी धोतरं धुऊन, घडी करून कपाटात ठेवली. सूर्याने आपलं नेहमीचं काम केलं. तीस एप्रिलला ॲपमध्ये तीनशे पंधरा युनिट होते.

एक मेच्या सकाळी सर ओट्यावर जाऊन बसले. कुणीतरी बॅटरीच्या गाडीला आग लागल्याची बातमी काढली. सगळे सरांकडं वळले. सरांचा गळा हलला, मिशी हलली. "हं," ते म्हणाले. बसवंतला वाईट वाटलं, तो म्हणाला, "आप्पा, ही पैज धरायची न्हाई. आपल्याच बायका..." सरांनी मान हलवली. "नाही." शब्द म्हणजे शब्द. तसेही तीनच उरले होते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर नागम्मा म्हणाली, "वर येताव का जरा?"

"हो."

दोघं गच्चीवर बसली. काचा गार होत चालल्या होत्या. खाली गिरणी थांबली आणि गल्लीत अशी शांतता झाली, की कबुतरांच्या पायांचा आवाज आला. सर बोलायचं म्हणून तोंड उघडत आणि मिटत. नागम्माने पदर खोचला. आज बोलायला समोर जागा रिकामी होती.

"मला पैज ठाऊक हुती," ती म्हणाली. "पयल्या दिशी सिंधुनं सांगितली."

सरांच्या भुवया वर गेल्या.

"म्या धोतरं मुद्दाम सहा काढली. चारबी पुरली असती."

वाऱ्याने तिच्या कपाळावरची बट उडाली. ती पुढं बोलू लागली, तेव्हा आवाज जिन्यात ऐकलेला होता.

"माहूरला तुमी इचारलंव, देवीला काय मागितलंस म्हनून. इचारलंव खरं, पन ऐकायला थांबला न्हाईत. आता वरीसभर कुटं जाताव? ऐका. म्या गच्ची मागितली. चैतात ह्या बायका येत्यात, चार घटका बसत्यात, गानं निघतंय. माजं तोंड हितंच उघडतंय. खाली तुमचं उघडं असतंय." ती थांबली. काचेवर चिकटलेला कुरडईचा एक पांढरा तुकडा तिनं नखाने खरवडून काढला, बघितला, आणि सरांच्या तळहातावर ठेवला. "अन् खरं सांगू का? एकेचाळीस वर्सं झाली, कुनाला बोलले न्हाई. मला कुरडई आवडतच न्हाई."

मडिवाळप्पा सरांनी तळहाताकडं बघितलं. मग नागम्माकडं. कुरडईवर त्यांची निदान चार मतं होती.

"हं," ते म्हणाले, आणि तिच्याकडं तोंड करून नीट मांडी घालून बसले.